चंद्रीच्या पोटातल्या दोन जावा

कांदा चिरताना अजूनही माझा हात आपोआप सालं बाजूला काढतो. बादलीत टाकत नाही, ओट्याच्या कडेला वेगळी ठेवतो. आता त्या सालांशी कोणाला काही देणंघेणं नाही. खाली कोपऱ्यात टाकी होती तिथे चारचाक्या उभ्या असतात, आणि ओला कचरा म्हणून सगळं एकाच डब्यात जातं, घंटागाडी घेऊन जाते. तरी रोज सकाळी मी सालं वेगळी काढते, मग लक्षात येतं, मग स्वतःवर चिडते आणि त्यानंतर शालनताईंवर. हा क्रम चुकत नाही. माझी सून म्हणते, "आई, चहा उकळेपर्यंत तुमचं भांडण उरकून घ्या." आता भांडायला समोर माणूस तरी हवं ना!

शालन बागूल, सटाण्याकडच्या. मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि हिरावाडीतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. उंचीने बेताच्या, अंगाने काटक, साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि पायात पुरुषांचे काळे रबरी बूट. त्या बुटांवर सोसायटीतल्या पोरी हसायच्या. शालनताई म्हणायच्या, "हसा. तुमच्या सँडलला शेण लागलं की रडाल, मी हसेन." बोलणं एरवी शुद्ध, शाळेतल्या बाईसारखं. पण राग आला किंवा फार आनंद झाला की गावाकडची अहिराणी बाहेर पडायची.

आल्या आल्या त्यांनी सोसायटीला बायोगॅसची टाकी बसवायला लावली. कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत, गुलमोहराखाली. काळी मोठी टाकी, आणि तिच्यात उलटी बसवलेली दुसरी, जरा लहान. गॅस तयार झाला की वरची टाकी हळूहळू उचलली जायची, वापरला की खाली बसायची. हिला त्या टोपी म्हणत. आणि अख्ख्या यंत्राला म्हणत चंद्री. "गाईचं पोट आणि हिचं पोट एकच हो. गाय चालते, ही बसून असते, एवढाच फरक." सुरुवातीला मखमलाबादच्या एका गोठ्यातून शेण आणून त्यांनी स्वतःच्या हातांनी कालवलं आणि चंद्रीच्या पोटात घातलं. मग काय, वाट बघणं आलं. दिवसामागून दिवस गेले, टोपी हलेना. जिन्यात भेटला की जो तो विचारायचा, "काय, गाभण राहिली का तुमची चंद्री?" सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर एकदा तोंडावर सांगितलं, "बाई, तुमचं यंत्र मेलं. काढा ते." शालनताई कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "मरेल नही शे ती! झोपेल शे!" मेलेली नाही, झोपलेली आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. सगळा जिना हसला.

आणि थोड्याच दिवसांत एका सकाळी टोपी वितभर वर आलेली दिसली. सोसायटीच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात नळी आणली होती. शालनताईंनी काडी ओढली आणि शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. मी तिथेच होते. त्या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडाने ती आम्हाला दम देत होती, "बघत काय उभ्या राहिल्यात? चहाचं आधण टाका!" त्या दिवसापासून चंद्रीचा चहा सुरू झाला. सकाळी जो बादली घेऊन येईल त्याला कपभर चहा. बादली नाही तर चहा नाही, मग तो सेक्रेटरी का असेना.

बादली थेट ओतू देत नसत. आधी तपासणी व्हायची. पिशवीतून एक लाकडी उलथनं निघायचं आणि आपल्या घरचं उष्टंखरकटं चारचौघांत ढवळून बघितलं जायचं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं हो! "काल पाहुणे होते वाटतं? एवढा शिरा उरला?" "मुलाचा डबा परत आलाय. पोळीला दात लागलेला नाही. बाहेर वडापाव खातो तो, लक्ष ठेवा." "ही भाजी उरली नाहीये, फसलीये." एका बादलीवरून त्या अख्ख्या घराची पत्रिका मांडत. चंद्रीचं खाणं ठरलेलं होतं. शिळा भात तिच्या फार आवडीचा. पोळी कुस्करून द्यायची. भाजीचे देठ, कोबीची पानं, केळ्याची सालं बारीक चिरून. हंगामात द्राक्षांचे गळालेले मणी, तेही बेतानं. कांद्याची सालं नाहीत, लिंबाची नाहीत, अंड्याची टरफलं नाहीत, हाडं नाहीत, नारळाची शेंडी तर मुळीच नाही. "कांदा आमच्या बागलाणचा जीव की प्राण," असं म्हणत त्या एकेक साल चिमटीने उचलून काढायच्या. "पण गावाकडच्या माणसालासुद्धा तिथे प्रवेश नाही म्हणजे नाही."

कोणी शंका काढली की त्या जावांची गोष्ट सांगत. शाळेतल्या मुली येत बघायला, दुसऱ्या सोसायट्यांची माणसं येत, त्या प्रत्येकाला ही गोष्ट ऐकावी लागे. "हिच्या पोटात दोन जावा नांदतात. थोरली हपापलेली, कामाला चटपटीत. दिसेल ते घेते आणि त्याचं आंबट करते. धाकटी हळवी, सावकाश. थोरलीनं केलेलं आंबट ती घेते आणि त्याचा गॅस करते. धाकटीच्या वेगानं थोरलीला वाढायचं. थोरलीला फार गोडधोड घातलंत की ती घर भरून आंबट करून ठेवते, धाकटीचा जीव घुसमटतो. थोरली रुसली तर समजूत घालता येते. धाकटी रुसली की चूल बंद." बायका मान डोलवायच्या. कोणाच्या ना कोणाच्या घरी हेच चाललेलं असायचं. मी पोस्टाच्या काउंटरवर जन्म काढलेली बाई, माझं शास्त्राशी वाकडं. पण हे मला एकदा ऐकून कळलं ते कळलं.

मला त्या बाईनं कधी आपलंसं केलं ते कळलंच नाही. रोज सकाळी बादली, चहा, मग दोघींनी मिळून पंचवटीच्या भाजीबाजारात जायचं. लिलाव उठला की फ्लॉवरचा पाला, चेंदलेले टोमॅटो पडलेले असत, ते पोत्यात भरायचे आणि माझ्या स्कूटरवर घालून आणायचे. भाजीवाल्या ओरडायच्या, "ओ मास्तरीणबाई, ही मेथी बी न्या, लय पिवळी पडलीय!" शालनताईंची एक सवय होती, आणि ती मला फार भावायची. काहीही चांगलं झालं की त्या ते एकटीच्या नावावर ठेवत नसत. टोपी वर आली की माझ्याकडे बोट दाखवून, "विजूताईंनी काल पाला बारीक चिरला ना, त्याचं फळ." पाहुणे आले, "मी काय एकटी? ह्या आमच्या विजूताई, सगळं ह्यांचं." कुठल्याशा स्पर्धेत सोसायटीला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं. त्यांचं नाव पुकारलं तर त्या पुढच्या रांगेतून उठून मागे आल्या, माझं मनगट धरलं आणि ओढत स्टेजवर नेलं. मी घरच्या साडीवर, पायात झिजलेली चप्पल. फोटोत आमच्या दोघींचे हात धरून वर केलेले आहेत, आणि मी वेड्यासारखी हसते आहे. उभ्या आयुष्यात मला कोणी स्टेजवर नेलं नव्हतं.

आता मालतीवहिनींबद्दल सांगायला हवं. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या. आमची मैत्री मुलं रांगत होती तेव्हापासूनची. त्यांचं सासर पंचवटीतलं, घरात भिक्षुकी, सासऱ्यांकडे गावोगावचे यजमान उतरायचे. वहिनी शांत, कमी बोलणाऱ्या, पण सोवळ्याओवळ्याला पक्क्या. माझे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस माझ्या घरी जेवण त्यांच्या स्वयंपाकघरातून आलं. मला विचारायला नाही, सांगायला नाही, ताट समोर ठेवायच्या आणि मी घास घेईपर्यंत भिंतीला टेकून बसून राहायच्या. मला सख्खी बहीण नाही. होत्या त्या वहिनी.

त्याही चंद्रीला बादली द्यायच्या, चहाही घ्यायच्या. गणपतीच्या आधी एका सकाळी शालनताई म्हणाल्या, यंदा बाप्पाचा सगळा नैवेद्य चंद्रीच्या गॅसवर करायचा. सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी कप खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "चहाचं ठीक आहे हो. पण उष्ट्याखरकट्याच्या गॅसवर देवाचा नैवेद्य? राग मानू नका, मला नाही ते पटायचं." बोलल्या त्या इतकंच, आणि कप विसळून गेल्या.

शालनताईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. पण जिद्द बघा! दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "आजपासून गणपतीपर्यंत चंद्रीला उष्टं बंद. तिला सोवळं जेवण." आमच्या बादल्या परत पाठवल्या. आणि पंचवटीतल्या देवळांतून अभिषेकाचं आणायला सुरुवात केली. दूध, दही, मध, साखर, पंचामृताचे डबेच्या डबे, प्रसादाची केळी, पेढे, वर निर्माल्यातली फुलं. पुजारीही खूश, नाहीतरी ते सगळं वाहूनच जायचं. मी स्कूटर चालवायची, त्या मागे मांडीवर डबा धरून बसायच्या, आणि रिक्षावाले वाट द्यायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "शालनताई, एवढं गोड? थोरली जाऊ माजेल ना?" त्या म्हणाल्या, "देवाचं आहे हो विजूताई. ते नाही बाधत." ज्या बाईनं आम्हाला एक शिऱ्याचा घास जास्त घालू दिला नव्हता, ती हे म्हणाली. मी स्कूटर सुरू केली. त्यांच्या यंत्रातलं त्यांना जास्त कळणार, असं मला वाटलं. वाटायलाच पाहिजे होतं, नाही का?

गणपतीत नैवेद्य थाटात झाला. उकडीचे मोदक, वरणभात, पंचखाद्य. शेगडीवरची ज्योत नुसती फुललेली. शालनताई स्वतः सगळ्यांना हाताला धरून दाखवत होत्या, "बघा, सोवळी ज्योत!" मालतीवहिनींनी सुद्धा प्रसाद घेतला. मी त्यांच्याकडे बघून भुवया उडवल्या, त्या किंचित हसल्या. माझा आनंद गगनात मावेना. माझी दोन माणसं एका पंगतीत जेवत होती.

त्यानंतर काही दिवसांनी वहिनींनी मला वर बोलावलं. त्यांच्या गॅलरीतून कोपरा सरळ खाली दिसायचा. म्हणाल्या, "विजू, ती टोपी वर येत नाही गं हल्ली. आधी सकाळी वर आलेली असायची, चहानंतर खाली बसायची. गणपतीपासून बसली आहे ती बसलीच आहे." मी शालनताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, मी वर दगड ठेवलेत. वजनानं ज्योतीला जोर येतो. टोपी कशी वर येईल?" दगड खरंच ठेवलेले होते. आंबूस वास येतो म्हटलं तर म्हणाल्या, टोमॅटो जास्त झाले. आणि वर चहाचा कप पुढे केला, "गरम आहे ना? मग!" कपातून वाफ निघत होती. आणखी काय पुरावा पाहिजे होता माणसाला?

पुढे सोसायटीची मीटिंग झाली. गाड्यावाल्यांना तो कोपरा पार्किंगला हवा होता, आणि त्यांनी विषय काढला. तावातावाने बोलणं चाललं होतं. वहिनी कधी मीटिंगमध्ये तोंड उघडत नसत. त्या दिवशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टाकी गणपतीपासून बंद आहे. मला रोज दिसतं. बंद टाकीसाठी जागा कशाला अडवायची?"

माझं टाळकंच फिरलं. मला वाटलं, आम्ही इतकी सोवळ्याची उठाठेव केली, देवळं पालथी घातली, तरी ह्यांचं ते आहेच. मी उठले आणि भर हॉलमध्ये ओरडले, "वहिनी, तुम्हाला ती पहिल्यापासून नकोच होती! उष्ट्याचा विटाळ झाला ना तुम्हाला? मग सरळ तसं म्हणा! खोटं कशाला बोलता?" माझा आवाज पोस्टातला. तो रस्त्यापर्यंत गेला असणार. वहिनी मग पदर सावरून निघून गेल्या.

शालनताई माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. मी खाली बसले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. मला वाटलं, आधार देतेय बाई. एक शब्द त्या बोलल्या नाहीत. टाकी वाचली. त्या दिवसापासून वहिनींनी माझ्याशी बोलणं टाकलं, जिन्यात दिसले तर भिंतीकडे सरकायच्या. दिवाळीनंतर त्या मुलाकडे नाशिकरोडला कायमच्या राहायला गेल्या. सामान हलवताना माझं दार वाजवलं नाही. मी दाराआड उभी राहून ट्रक भरल्याचे आवाज ऐकत होते. आणि शालनताई मला समजावत होत्या, "जाऊ द्या विजूताई. ज्याला खरं बघायचंच नाही, त्याला आपण काय करणार?" हे वाक्य त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून म्हटलंय! आठवलं की अजून अंगाची लाही होते.

द्राक्षांचे दिवस आले. एका सकाळी चहा उकळत असतानाच ज्योत फडफडली आणि विझली. "बघते हं," म्हणून शालनताई लगबगीनं मागे गेल्या. बराच वेळ झाला, म्हणून मी मदतीला मागे गेले. हॉलच्या मागे बागकामाची अवजारं ठेवायची छोटी खोली होती. तिला कायम कुलूप असायचं, किल्ली त्यांच्या पिशवीत. आज दार उघडं होतं. आत शालनताई उकिडव्या बसल्या होत्या, हातात पाना, आणि समोर लाल सिलिंडर. शेजारी दुसरा. चंद्रीकडून येणारी नळी भिंतीपाशी कापलेली होती. सिलिंडरची नळी तिच्या जागी जोडली होती. फरशीवर सिलिंडरच्या बुडाचं गंजाचं कडं उमटलेलं होतं, जुनं.

"अहो, आजच्यापुरतं..." त्या म्हणाल्या. मग माझी नजर त्या कड्यावर गेलेली त्यांनी पाहिली आणि थांबल्या.

"कधीपासून?"

"गणपतीच्या आदल्या दिवशी ज्योत गेली. आंबली हो ती. मला वासावरूनच कळलं. धाकटी मेली."

"नैवेद्य?"

"ह्याच्यावरच झाला."

"आणि आमच्या बादल्या? रोज देतोय त्या?"

त्यांनी मान खाली घातली. "थोडं तिला घालत होते. बाकीचं पहाटे पुढच्या गल्लीतल्या घंटागाडीत."

सगळा हिवाळा माझे गारठलेले हात कोबीची पानं बारीक चिरत होते! आणि ही बाई ती पोत्यात घालून पुढच्या गल्लीत नेत होती, इथल्या घंटागाडीवाल्यानं ओळखू नये म्हणून. सिलिंडर स्वतःच्या पेन्शनीतून आणत होती. पाना खाली ठेवून त्या एकदम रडायला लागल्या. "चुना घातला, नवं शेण घातलं, सगळं केलं. रोज वाटायचं, उद्या उठेल. उद्या उठली की कोणाला काही सांगावंच लागणार नाही. मरेल नही शे ती, विजूताई... झोपेल शे..."

मी ओरडले, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. चहाचे कप हातात घेऊन सगळे मागे धावत आले. कोणी हसलं, कोणी कपाळाला हात लावला, सेक्रेटरींनी तर सिलिंडरसोबत फोटो काढला. दोन दिवस चर्चा झाली आणि संपली. खरं सांगायचं तर त्यांचं फार काही गेलं नव्हतं. त्यांच्या बादल्या गेल्या, माझी वहिनी गेली होती.

मी शालनताईंना एवढंच सांगितलं, "मला तुमची माफी नको, कारणं नकोत. यंत्र कोणाचंही बंद पडतं. पण त्या मीटिंगमध्ये तुम्ही माझ्या शेजारी बसून होतात. वहिनी खरं बोलत होत्या हे त्या हॉलमध्ये फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला भुंकू दिलंत. आता नाशिकरोडला जायचं, त्यांच्यासमोर बसायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं. मी सांगितलं तर ती सारवासारव होईल. हे तुम्हीच सांगायचं." त्या "जाते" म्हणाल्या. मग आठवडे गेले. रोज "जाते", रोज काहीतरी आडवं यायचं, कधी गुडघा, कधी ऊन. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. सोसायटीनं टाकी काढायचा ठराव केला, शालनताईंनी सटाण्याला भावाकडे जायचं ठरवलं.

पाडव्याच्या दिवशी भावाची पिकअप आली. खाटा, कपाट, कुंड्या चढवत होते. मी गॅलरीतून बघत होते, खाली जायचं नाही असं ठरवून. शालनताई घरातून आपली बादली घेऊन बाहेर आल्या, चंद्रीपाशी गेल्या, उलथन्यानं ढवळून बघितलं, काहीतरी चिमटीने उचलून बाजूला टाकलं आणि बाकीचं तिच्या तोंडात ओतलं. टाकी मेलेली आहे हे सगळ्या सोसायटीला माहीत, त्या बाईलाही माहीत. टोपीवर हात ठेवून घटकाभर उभी राहिली. मग वर बघितलं, मला बघितलं आणि तिथूनच म्हणाली, "जाऊन आले हो विजूताई! काल गेले होते. सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही!"

"रागावल्या?"

"नाही हो! चहा केला मला त्यांनी."

चेहरा असा मोकळा झाला होता तिचा, पहिली ज्योत पेटली त्या दिवशीसारखा. काय सांगू, माझा सगळा राग पाझरून गेला. केलंन शेवटी बाईनं! गेली, वहिनींच्या दारात उभी राहिली, सोपं नव्हतं ते. मी आत धावले, सकाळी केलेल्या पुरणपोळ्या डब्यात भरल्या, वर तुपाची वाटी ठेवली आणि जिना उतरून खाली गेले. "घ्या. वाटेत खा. आणि डबा परत द्यायला या, नाहीतर मी सटाण्याला येऊन भांडेन." त्यांनी डबा छातीशी धरला. मी त्यांना जवळ घेतलं. रबरी बूट अजून पायातच होते.

भाऊ सामानावर दोर आवळत होता तेवढ्यात मी वर आले. मला धीर निघेना. गॅलरीत उभी राहूनच वहिनींना फोन लावला. इतके महिने न उचलणाऱ्या वहिनींनी आज फोन उचलला.

"वहिनी, मी विजू. शालनताई येऊन गेल्या ना?"

"आल्या होत्या."

"मग कळलं ना तुम्हाला सगळं?" मला हसू आणि रडू एकदम येत होतं.

"कळलं." वहिनी म्हणाल्या. "नैवेद्य अडू नये म्हणून तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंत म्हणे. सिलिंडर आणायला तूच स्कूटर काढलीस."

"वहिनी, नाही हो! मी तर..."

"अगं, टाकीचं मला काही नाही. सिलिंडरवर नैवेद्य झाला ते एका परीनं बरंच झालं. पण तुला माहीत होतं, विजू. माहीत असून भर मीटिंगमध्ये मला खोटं पाडलंस. त्या परक्या बाईनं निदान दारात येऊन सांगितलं तरी. तू तेही तिलाच करायला लावलंस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आता फोन करू नकोस."

फोन बंद झाला. खाली पिकअप सुरू झाली. शालनताई पुढच्या सीटवरून अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या, वर माझ्याकडे बघत होत्या. एका हातात माझा डबा उंच धरलेला, दुसरा हात जोरजोरात हलवत होत्या, आणि तोंडभर हसत होत्या.

माझाही हात सवयीनं वर गेला होता. तो मी खाली घेतला.